कांदेबाग म्हणजे कांदा नव्हे: टॅगविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून गेले काही आठवडे एक संदेश फिरतो आहे. शेतीविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर प्रश्न विचारताना टॅगच्या, म्हणजे विषय सांगण्यासाठी प्रश्नाला जोडायच्या ठरावीक शब्दांच्या, भानगडीत पडू नका, असा त्याचा सल्ला आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: शोधयंत्र सगळा मजकूर वाचतेच, म्हणून टॅग ही केवळ शोभा आहे, टॅग देणे भागच असेल तर मिळतील तितके टाकावेत, म्हणजे प्रश्न जास्त लोकांना दिसतो, ‘तातडीचे’ हा टॅग टाकला की उत्तर लवकर मिळते, समानार्थी टॅग एकत्र करणारे स्वयंसेवक आपल्या अहिराणी आणि लेवा बोलीतले शब्द पुसून टाकतात, आणि आता टॅग लावण्याचे काम संगणक आपोआप करतो, तेव्हा माणसाने त्यात वेळ घालवू नये. अशाच एका संकेतस्थळावर नव्या प्रश्नांचे टॅग तपासण्याचे काम मी तीन वर्षांपासून करतो आहे. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा; प्रश्न अनुत्तरित राहण्याचा त्रास त्यालाही झालेला दिसतो. परंतु त्याने सांगितलेल्या उपायांनी तो त्रास वाढतो आणि वाया गेलेल्या दिवसांची भरपाई पिकाला करावी लागते, म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा ऐकताच पटतो, म्हणून त्यावर अधिक थांबतो. शोधयंत्र मजकूर वाचते हे खरे आहे. पण मराठी शब्द वाक्यात बसला की त्याचे रूप बदलते. कापूस या शब्दाला प्रत्यय लागला की तो कापसाला, कापसावर, कापसाचे असा होतो आणि मूळ शब्दातला ‘पू’ शोधूनही सापडत नाही. विहीर विहिरीत जाते, मूळ मुळाशी जाते, कांद्याचेही तेच. ज्या संकेतस्थळाचा शोध अक्षराला अक्षर जुळवून चालतो, तिथे ‘कापूस’ असे शोधणाऱ्याला ‘कापसावर मावा पडला आहे’ हा प्रश्न दिसत नाही. त्यात कोणी बोंडअळी जोडून लिहितो, कोणी बोंड अळी तोडून. यावल-रावेरकडचा शेतकरी ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ला’च्या जागी ‘ले’ बोलतो आणि बोलतो तसेच लिहितो, तेव्हा ‘केळीला’ हा शब्द ‘केयीले’ होऊन येतो. एवढेच नव्हे, तर नुसता कीबोर्ड बदलला तरी फरक पडतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जाई आणि काही कीबोर्डांवर आजही तसेच लिहिले जाते. ‘ॲझोटोबॅक्टर’ हा शब्द दोघांनी दोन रीतींनी टाइप केला, तर डोळ्यांना तो एकच दिसतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असतात. टॅग यादीतून निवडला जात असल्यामुळे त्याला विभक्ती लागत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा घोळ होत नाही आणि कीबोर्डाचा फरकही आड येत नाही.

ही अडचण मराठीपुरती आहे असेही कोणी समजू नये. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली इंग्रजी बोलणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, एकाच गोष्टीला दोन माणसे आपणहून एकच शब्द योजतील, ही शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते. एक जण ‘पाने पिवळी पडली’ लिहील, दुसरा ‘पानांवर पट्टे आले’, तिसरा ‘बाग बसली’. तिघांच्या शेतात रोग एकच असू शकतो.

पण या मुद्द्यातली मोठी चूक याहून वेगळी आहे. शोध घेतो तो प्रश्न असलेला माणूस. ज्याला उत्तर माहीत आहे, तो कशाला शोधत बसेल? तो सकाळी चहाच्या वेळी संकेतस्थळ उघडतो आणि आपल्या विषयाचे नवे प्रश्न तेवढे पाहतो. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांसाठी २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर म्हणूनच टॅगवर नजर ठेवण्याची आणि नको असलेले टॅग दृष्टीआड करण्याची अशा दोन्ही सोयी आहेत, आणि पुढे निघालेल्या पुष्कळ संकेतस्थळांनी तीच रीत उचलली. टॅग लावताना आपण यंत्रासाठी काही लिहीत नसतो. कोणत्या माणसाने हा प्रश्न वाचावा, हे ठरवत असतो.

गेल्या पावसाळ्यातला एक प्रश्न सांगतो. यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने लिहिले होते, ‘पाने पिवळी पडत आहेत, काय करू?’ टॅग होते शेती, शेतकरी, महाराष्ट्र, पाणी आणि तातडीचे. मजकुरात केळी हा शब्द एकदाही नव्हता, कारण त्याच्या गावात बाग म्हटले की केळीचीच. प्रश्न तीन दिवस तसाच पडून होता. चौथ्या दिवशी माझ्या पाहण्यात आला, तेव्हा सोबतचे छायाचित्र मोठे करून पाहिले: कोवळ्या पानावर शिरांना धरून फिकट पिवळे पट्टे होते आणि पानाची कड आत वळली होती. मी आधीचे पाचही टॅग काढले आणि ‘केळी’ व ‘हरण्या’ हे दोन लावले. केळीवरच्या कुकुंबर मोझॅक (सीएमव्ही) या विषाणूजन्य रोगाला आपल्याकडे हरण्या म्हणतात. दिवेलागणीपर्यंत दोन उत्तरे आली होती आणि दोन्हींचा आशय एकच होता: या रोगावर औषध नाही, रोगट झाडे मुळासकट काढून नष्ट करावीत, रोग मावा ही कीड पसरवते म्हणून तिचा बंदोबस्त करावा, आणि बागेत किंवा बांधाला लागून काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची घेऊ नये. उत्तर देणारे दोघेही केळीच्या टॅगवर नजर ठेवून असणारे होते. ते तिन्ही दिवस संकेतस्थळावर येत होते. प्रश्न मात्र त्यांच्यापुढे आलाच नव्हता, आणि तेवढ्या दिवसांत मावा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फिरत राहिला.

मजकुरात सगळे असताना वेगळी खूण कशाला, या शंकेचे उत्तर टपाल खात्यानेही देऊन ठेवले आहे. पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतानाही १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू करावा लागला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते आणि अपुरे पत्ते यांमुळे पत्रे भलतीकडे जात होती. आपल्या जळगावचे पत्र बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला जाणे म्हणजे काय, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. ४२५००१ हे आकडे पत्त्याला शोभा म्हणून दिलेले नाहीत.

आता ‘मिळतील तितके टॅग टाका’ या सल्ल्याकडे वळू. स्टॅक ओव्हरफ्लोवर एका प्रश्नाला पाचच टॅग देता येतात, आणि ही मर्यादा जागेच्या टंचाईमुळे घातलेली नाही. ‘पाणी’ या टॅगवर नजर ठेवणारा माणूस ठिबक, विहीर आणि बोअरच्या प्रश्नांची वाट पाहत असतो. त्याच्यापुढे पाने पिवळी पडल्याचे प्रश्न रोज येऊ लागले, तर तो दोन आठवड्यांत त्या टॅगकडे पाहणेच सोडतो आणि मग पाण्याचा खरा प्रश्नही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जिथे सगळेच प्रश्न शेतीचे असतात, तिथे ‘शेती’ हा टॅग काहीच सांगत नाही. किती टॅग, यापेक्षा कोणत्या बाजूंचे टॅग, हा विचार उपयोगी पडतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली मांडलेल्या पुस्तकांच्या द्विबिंदू वर्गीकरणात हाच विचार आहे. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाच्या पाच बाजू नेमून दिल्या: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. आपल्या कामापुरते सांगायचे तर पीक कोणते, अडचण कोणती आणि हंगाम कोणता, या तीन बाजू बहुतेक प्रश्नांना पुरतात. गावाचा किंवा तालुक्याचा टॅग तेव्हाच द्यावा, जेव्हा जागा बदलल्याने उत्तर बदलते. तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या निचऱ्याविषयी विचारले असेल तर जरूर द्यावा, बाजारातले खत खरे की बनावट हे ओळखायचे असेल तर त्याचा उपयोग नाही.

‘तातडीचे’ या टॅगबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. स्टॅक ओव्हरफ्लोचे एक संस्थापक जेफ ॲटवूड यांनी २०१० साली एक सोपी कसोटी सांगितली होती: जो टॅग प्रश्नावर एकटा राहिला तर विषयाचा पत्ता लागत नाही, तो टॅग बहुधा कामाचा नसतो. ‘केळी’ एकटा राहिला तरी काही कळते, ‘तातडीचे’ एकटा राहिला तर काहीच कळत नाही, आणि ‘तातडीचे’ या विषयाचा जाणकार जगात कोणी नाही. तातडी खरी असेल तर ती मजकुरात यावी: लागवड होऊन किती महिने झाले, लक्षण कधी दिसले, किती झाडांवर आहे, आतापर्यंत कोणती फवारणी केली. एवढे लिहिले की वाचणाऱ्याला तातडी आपोआप समजते.

बोलीभाषेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. समानार्थी टॅग जोडण्याची यंत्रणा अशी असते: दोन शब्दांपैकी एक मुख्य ठरतो, दुसरा त्याच्याकडे वळवला जातो, आणि कोणी दुसरा शब्द टाइप केला तरी प्रश्न मुख्य टॅगखाली जातो. म्हणजे ‘केयी’ लिहिणाऱ्याला कोणी अडवत नाही. उलट त्याचा प्रश्न ‘केळी’ पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचतो, जो एरवी ‘केयी’ लिहिणाऱ्या चार जणांतच फिरत राहिला असता. त्याच्या मजकुरातल्या एका अक्षरालाही हात लागत नाही. इथवर संदेशातला आरोप खोटा आहे. मात्र मुख्य शब्द कोणता ठेवायचा, हा निर्णय माणसे घेतात आणि तिथे चुका होतात. आमच्याकडे एकदा ‘हरण्या’ हा टॅग ‘करपा’कडे वळवला गेला, कारण जोडणाऱ्याला तो करप्याचाच स्थानिक शब्द वाटला. करपा बुरशीमुळे होतो. त्यावर रोगट पाने काढणे आणि बुरशीनाशक फवारणे हा उपाय आहे. हरण्या विषाणूमुळे होतो आणि बुरशीनाशकाने त्याचे काही बिघडत नाही. ती जोडणी तोडेपर्यंत हरण्याच्या प्रश्नांना फवारणीची उत्तरे मिळत होती. मी स्वतः ती जोडणी पाहिली होती आणि हरकत घेतली नव्हती, याची खंत मला आजही आहे.

पण यावरून जोडण्या बंद कराव्यात असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांना शब्द माहीत आहेत, त्यांनी जोडणीच्या चर्चेत बोलावे, असा निघतो. आपल्या भागाचे काही शब्द इतके नेमके आहेत की त्यांना प्रमाण मराठीत तेवढा सुटसुटीत पर्याय नाही. नव्या लागवडीची केळी ती नवती, पिलांवर धरलेली ती पिलबाग, जूनमध्ये लावलेली ती मृगबाग. हे शब्द मुख्य टॅग म्हणूनच राहिले पाहिजेत, आणि ‘करपा’ हा शब्द केळी आणि कांदा या दोन्ही पिकांवर निरनिराळ्या रोगांसाठी वापरला जात असल्याने तो पिकाच्या टॅगशिवाय कधीही एकटा ठेवू नये. ‘हरण्या’ मुख्य आणि ‘सीएमव्ही’ त्याचा समानार्थी, अशी जोडणी आता आमच्याकडे आहे. तिच्या बाजूने लिहिणारे बहुतेक जण रावेर आणि मुक्ताईनगरचे शेतकरी होते.

संगणक टॅग सुचवतो हे खरे आहे आणि ती सोय मला आवडते. यादीतला योग्य शब्द विचारणाऱ्याला आठवत नसेल तर तिची मदतच होते. परंतु ऑक्टोबरमध्ये एका प्रश्नाचे शीर्षक होते ‘कांदेबागेला थंडीत पाणी किती दिवसांनी द्यावे?’ आणि यंत्राने त्याला सुचवले: ‘कांदा’, ‘रब्बी’. विचारणाऱ्याने सूचना तशाच स्वीकारल्या. कांद्याच्या एका जाणकाराने मनापासून लांबलचक उत्तर लिहिले, आणि ते केळीच्या बागेसाठी निरुपयोगी होते. खानदेशात वाढलेल्या कोणत्याही माणसाला या नावात कांदा दिसत नाही. ज्याने हा शब्द इथे ऐकलेला नाही त्याला तो दिसणारच, मग तो माणूस असो वा यंत्र. त्या प्रश्नानंतर आम्ही ‘कांदेबाग’ या टॅगचे वर्णन बदलले. प्रश्न टाकताना यादीत त्या शब्दावर बोट ठेवले की आता हे वाचायला मिळते: ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड केलेली केळी. कांद्याच्या पिकाविषयी विचारायचे असल्यास ‘कांदा’ हा टॅग लावावा.’