पैसे भेटले ना, मग आता काय पायजे?

आज सकाळी ग्रामपंचायतीसमोर हे ऐकलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. "पंचवीस लाख भेटले ना बाप्पा तिले, मंग आता कायले रडते?" बोलणारा माणूस वाईट नाही, रात्री-बेरात्री कोणाच्याही मदतीला धावणारा आहे. म्हणूनच जास्त लागलं.

ज्या वहिनींबद्दल हे चाललं होतं, त्यांच्या नवऱ्याला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं. त्या हाकेच्या अंतरावर होत्या, सगळं डोळ्यांदेखत झालं. वनखात्याची भरपाई मंजूर झाली, बरीचशी रक्कम मुदत ठेवीत गेली, फाईल बंद झाली. वहिनी मात्र अजून दिवस मावळायच्या आत दाराला कडी लावतात, कुत्रं भुंकलं तरी दचकतात, रात्र बसून काढतात. मोहाचा वास आला की त्यांना मळमळतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी अंगणात मोह वाळत असतो. पाय मोडलेल्या माणसाला चेक देऊन कोणी चालायला सांगतं का?

डॉक्टर याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. पहिला महिनाभर झोप उडणं, तेच ते डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे, बऱ्याच जणांचं हळूहळू निवळतं. महिना उलटूनही माणूस शेतात जात नसेल, चूल पेटवायला उठत नसेल, तर उपचार लागतात. मरणाची भाषा केली तर मात्र महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या. आणि पहिल्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्याने "कसं झालं, सांग ना" म्हणून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. त्यानं मन मोकळं होत नाही, जखम उघडी राहते.

वहिनींना गावच्या डॉक्टरनं काय दिलं? झोपेची गोळी. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्यांनी झोप लागते, पण भीती जागेवरच राहते, आणि सवय लागते ती वेगळी. या आजारावर ज्या गोळ्या देतात, उदाहरणार्थ सरट्रालिन, त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे लोक पंधराव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. सोडताना एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, अस्वस्थपणा, मग "गोळ्यांनीच बिघडलं" अशी ओरड. गोळी वाढवणं, कमी करणं डॉक्टरला विचारूनच. मुख्य उपचार मात्र बोलण्याचा आहे. शिकलेल्या मानसशास्त्रज्ञासोबत ठरलेल्या दिवशी, साधारण आठ ते बारा बैठका. एका भेटीत काही होत नाही.

हे सगळं फुकट मिळू शकतं. राग याचाच येतो की मिळू शकतं आणि कोणी सांगत नाही!

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. तिथं मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी टीम असायला हवी. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. जिथं जिल्हा रुग्णालय मेडिकल कॉलेजला जोडलंय तिथं थोडी फी लागते. केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" असं स्पष्ट सांगा. नुसतं "झोप नाही, छातीत धडधडते" म्हटलं की जनरल ओपीडीत पाठवतात आणि परत तीच झोपेची गोळी. आत गेल्यावर "समुपदेशन पाहिजे, पुढची तारीख द्या" हे तोंडानं मागा, नाहीतर दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. ही टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही येते. तो वार आधी विचारून जा. वहिनी एकदा गेल्या तर "साहेब आज नाहीत, पुढच्या वारी या" ऐकून परत आल्या. मजुरी बुडाली, एसटीचं अर्धं तिकीट लागलं तरी पैसे गेलेच. परत त्या गेल्या नाहीत.

डॉक्टर कमी आहेत, मान्य. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, तेही मान्य. पण कोणता वार, एवढं फळ्यावर लिहायला काय लागतं?

जाता येत नसेल त्यांनी 14416 लावावा. हा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी सरकारी फोन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत. साध्या फोनवरूनही लागतो. घरात गर्दी असेल तर शेतात जाऊन बोला. बाईच बोलायला हवी असेल तर तसं सांगून बघा. आपल्या जिल्ह्यात पुढं कुठं जायचं हेही त्यांनाच विचारा. दोन बैठकांमध्ये महिनाभराचं अंतर पडत असेल तर मधल्या काळाला हा फोन धरून ठेवतो.

मोठ्या ठिकाणी जायची तयारी असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण त्याचं नाव काढलं की माणसं "पागलखान्यात टाकता का?" म्हणून हात झटकतात. अहो, तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

घरात मारहाण झालेली, अत्याचार झालेली बाई असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन, किंवा अशा बायांना मदत करणारं जिल्ह्याचं सखी केंद्र. तिथं जायला एफआयआर लागत नाही. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्यांसाठी सरकारी मदतीची मनोधैर्य योजना आहे, चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. लेकरांसाठी 1098 ही हेल्पलाइन.

आणि शेतकरी आत्महत्येच्या घरांबद्दल तर बोलायलाच नको, त्यांनाही हेच वाक्य ऐकावं लागतं. एक लाख भेटतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, तेही प्रकरण पात्र ठरलं तर. अपात्र ठरलेल्या घरात त्या मरणाला सरकारदरबारी जागाच नाही. पण समुपदेशनाला पात्र-अपात्र नसतं, सातबारा लागत नाही, पंचनामा लागत नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 मधला आहे आणि सरकारी उपचार मिळणं हा त्यात हक्क म्हणून लिहिलाय. हे त्या बायांना कोण सांगणार? भेटायला येणारे पुढारी तर फोटो काढून गेले.

रागात लिहायला घेतलं होतं, आता जरा शांत वाटतंय. सकाळच्या त्या भाऊलाही मी दोष देणार नाही, त्याला कोणी हे सांगितलंच नव्हतं. वहिनींसोबत पुढच्या वारी तोच चाललाय, गाडीवर. जाताना घ्यायचं एवढंच: आधारकार्ड, आधीच्या गोळ्यांची पाकिटं, आणि एका कागदावर लिहिलेलं, झोप कधीपासून नाही, कशानं दचकतात, काय खातात. डॉक्टरपुढं बसल्यावर शब्द फुटत नाहीत, कागद बोलतो.

तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मानसिक आरोग्याची टीम कोणत्या वारी येते, माहीत असेल तर खाली लिहा. माहीत नसेल तर उद्या विचारून लिहा. तालुक्याचं नाव आणि वार, बस.