तिकीट राइडचं, बिल जेवणाचं

एप्रिलमध्ये जळगावात कट्टा रात्री साडेनवाच्या आत भरत नाही. त्याआधी काव्यरत्नावली चौकात बूड टेकवलं की दिवसभराचं ऊन खालून वर येतं. परवा पक्या आला तो मुंबईकडचा एक मोठा थीम पार्क करून, आणि आल्या आल्या त्यानं मोबाइल काढण्याऐवजी खिशातून पार्कातल्या हॉटेलचं चुरगळलेलं बिल काढलं. राइडचे फोटो मागून.

"पाच माणसं भो, अन् हे बिल. पाऊण तास टेबलासाठी उभे, वर अर्धा तास ऑर्डरला. पनीर आलं ते गोडमिट्ट. तेवढ्यात मोठ्या रोलर कोस्टरची रांग दुप्पट झाली. तिकीट राइडचं काढलं की एसीत बसायचं?"

बापूंनी बिल चष्म्याजवळ नेऊन वाचलं. "एवढ्यात शेतात आख्ख्या गल्लीची भरीत पार्टी झाली असती," म्हणाले. बापूंचा हिशोब नेहमी भरितात होतो.

नाना रेल्वेतून रिटायर झालेले, भुसावळचे. ते बराच वेळ सुपारी कातरत होते. मग विचारलं, "तू कोस्टरवर होता तव्हा माय कुठं होती?"

"खाली, बाकावर."

"काय करी राह्यली होती?"

पक्या गप्प. माय काय करत होती ते आम्हाला न विचारताच दिसलं. अशा पाळण्यांवर चष्मा, मोबाइल, सुटं काही नेऊ देत नाहीत. म्हणजे मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, नातीची टोपी, सुनेची पर्स, पायाशी दोन जोड चपला आणि डोक्यावर ओला रुमाल. तिकीट तिचंही काढलेलंच होतं.

"तिचं तिकीट कुठं वसूल झालं रे? जेवाया बसली तेवढंच ना?" नाना म्हणाले. "तू त्या पाऊण तासाला रडतो. तिला दिवसभरात पाठ टेकायला खुर्ची तिथंच भेटली."

माझं मत नानांच्या बाजूनं पडलं. पार्कात पैसा एकदा गेटवर जातो, नंतर खर्च होते ती वेळ आणि पायांची ताकद. काउंटरवरचा वडापाव उभ्यानं खाल्ला की वेळ वाचते, पण चार वाजता पोरं रडायला लागतात आणि म्हातारं माणूस 'मी इथंच बसते, तुम्ही जा' म्हणायला लागतं. तासभर बसून जेवण म्हणजे पुढचे चार तास विकत घेणं. फक्त ते दीड वाजता करू नये. तेव्हा सगळ्या पार्कला एकदम भूक लागते. साडेअकराला बसावं, नाहीतर सरळ तीननंतर. पक्या नेमका दीडला गेला होता.

बापूंना हे पटेना. "कुंपणात कोंडलेल्या ढोराला पेंड कशी आहे म्हणून कोण विचारतं? बाहेर जाता येत नाही, डबा आत नेता येत नाही. मग पनीर गोड होईल नाहीतर काय!"

मला वाटलं, आता हातात हुकमाचा पत्ता आहे. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कची गोष्ट सांगितली. वॉल्टर नॉट हा बापूंसारखाच शेतकरी, बोरीची नाही पण बेरीची शेती, रस्त्याकडेला टपरी. 1934 साली त्याच्या बायकोनं, कॉर्डेलियानं, लग्नातल्या चिनीमातीच्या ताटल्या काढून तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली, 65 सेंटला ताट. पुढं एवढी गर्दी व्हायला लागली की नंबर लागेपर्यंत माणसं तासन्‌तास ताटकळायची. त्यांना रमवायला नॉटनं 1940 मध्ये 'घोस्ट टाउन', म्हणजे जुन्या ओसाड गावाची नक्कल, उभारायला घेतलं. त्यातूनच पार्क वाढला. कुंपण घालून प्रवेशाचे पैसे घ्यायला लागले ते थेट 1968 मध्ये. म्हणजे तिथं हॉटेल आधी, पार्क मागून.

बापू दोन मिनिटं खूश. शेतकरी, बायकोच्या हातची चव, आणखी काय पाहिजे? मग त्यांनी विचारलं, "ते हॉटेल आता कुठं आहे?"

"आहे तिथंच. पार्कच्या गेटबाहेर."

"हां! बाहेर! जेवण चांगलं म्हणून तिथं माणसं थांबत होती. इथं माणसं अडकली म्हणून जेवण आहे." आणि हायवेच्या ढाब्यावर घसरले. शेवभाजीत जाड तिखट शेव आधी टाकत नाहीत, ताट उचलताना टाकतात, नाहीतर लगदा होतो. "तो ढाबेवाला हे का पाळतो? पुढं अर्ध्या किलोमीटरवर दुसरा ढाबा आहे म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो की मनात आणलं तर जेवणाचीच राइड करता येते. डिस्नेलँडमध्ये 'ब्लू बायू' नावाचं हॉटेल 1967 पासून समुद्री चाच्यांच्या राइडच्या इमारतीतच आहे. बाहेर भर दुपार असली तरी आत कायमची रात्र, बाजूनं राइडच्या होड्या जातात, जेवणारे होडीतल्यांना बघतात, होडीतले जेवणाऱ्यांना. मायला तिथं बसवलं तर तिची राइडही होते.

"आमच्या खिडकीतून जनरेटर दिसत होता," पक्या म्हणाला.

आमच्या कट्ट्यावरचा वकील तोवर बिलावर बोट ठेवून बसला होता. "हा सर्व्हिस चार्ज दिलास?"

"छापलेला होता ना."

"छापला म्हणून द्यायचा? ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलं, बिलात तो आपोआप लावायचा नाही. दिल्ली हायकोर्टानंही 2025 मध्ये तेच कायम केलं. मॅनेजरला म्हणायचं, काढा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो."

"अन् डबा अडवतात त्याचं?" बापू.

"सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये थिएटरवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला, बाहेरचं खाणं ते अडवू शकतात. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या लेकराचं खाणं आत येऊ द्यायचं. पार्कचा खटला तो नव्हता, पण पार्कवाले तोच निकाल दाखवतील."

"माय काही तान्हं लेकरू नाही," नाना म्हणाले, "तिच्या कळण्याच्या भाकरीला सोय नाही म्हण की."

बुफेचा विषय पक्याच्या मेहुण्यामुळे निघाला. त्यानं गेटवरच तिकिटासोबत जेवणाचं पॅकेज घेतलं होतं. वसुली म्हणून तीनदा ताट भरलं, त्यात दोन वाट्या श्रीखंड, आणि त्याच पावली उलट्या पाळण्यात. पुढचं पक्यानं हातवारे करून सांगितलं, ते इथं लिहीत नाही. बुफे घ्यायचाच तर संध्याकाळी, सगळे पाळणे संपल्यावर. यावर मात्र कट्ट्यावर कुणी वाद घातला नाही.

मे महिन्यात दोन घरांनी मिळून जायचं ठरतंय. टेबल साडेअकराचं, हेही ठरलं. नाना मायच्या शेजारी बसणार, चपला सांभाळायला पक्याचा मेहुणा. बिल माणशी वाटायचं की ज्यानं जे खाल्लं त्यानं ते द्यायचं, यावर पुन्हा जुंपली, आणि बापू म्हणाले, मी येतो, पण गोड पनीरचे पैसे मी देणार नाही.