फोन वापरता येतो म्हणून किऑस्क वापरता येईल, असे होत नाही

सार्वजनिक ठिकाणच्या स्वयंसेवा यंत्रांविषयी, म्हणजेच किऑस्कविषयी, एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. अंध माणसे टचस्क्रीनचे फोन सर्रास वापरतात, तेव्हा तिकिटाच्या यंत्रावर वेगळ्या कळा आणि आवाजी सूचना कशाला हव्यात, असा त्याचा सवाल आहे. मोठी अक्षरे पुरतील, अडल्यास कर्मचारी आहेतच आणि थोड्या लोकांसाठी एवढा खर्च परवडत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

फोनबद्दलचे विधान खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आयफोनमध्ये २००९ पासून व्हॉइसओव्हर हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, आहे. मात्र त्या फोनची भाषा आणि बोलण्याचा वेग मालकाने स्वतः ठरवलेला असतो आणि बोटांच्या खुणाही त्याने सवयीने अंगवळणी पाडलेल्या असतात. किऑस्क परक्याचा असतो. त्यात आपला स्क्रीनरीडर टाकता येत नाही आणि मागे रांग उभी असताना नव्या खुणा शिकायला सवड नसते. म्हणून हेडफोन लावताच यंत्राने आपणहून बोलू लागावे, पर्याय वर-खाली फिरवण्यासाठी आणि निवडण्यासाठी हाताला ओळखू येणाऱ्या कळा असाव्यात, आणि पाचच्या कळीवर उठावाचा ठिपका असावा. अमेरिकेच्या २०१० च्या सुलभता मानकांनी एटीएमसाठी आवाज आणि स्पर्शाने ओळखता येणाऱ्या कळा बंधनकारक केल्या, त्या याच कारणाने. सपाट काचेवर पिनचे आकडे दर वेळी जागा बदलत असतील, तर न पाहता तो टाकणे अशक्यच आहे.

मोठी अक्षरे हवीतच, पण ती फक्त वाचण्याची अडचण सोडवतात. उभ्या उंच पडद्यावर ‘पुढे जा’चे बटण वरच्या टोकाला असेल, तर ते कितीही ठळक असले तरी व्हीलचेअरवरून हात पोहोचत नाही, त्याच अमेरिकी मानकांत हाताच्या पोहोचीची कमाल उंची ४८ इंच आहे. कंप असलेल्या हाताचे बोट चुकीच्या जागी टेकते. निवड बोट टेकताच न होता उचलल्यावर झाली, तर ते बाजूला सरकवून चूक टाळता येते. कृत्रिम हाताचा स्पर्श तर बहुतेक कपॅसिटिव्ह (त्वचेचा विद्युत स्पर्श ओळखणाऱ्या) काचांना कळतच नाही. शिवाय सावकाश वाचणाऱ्याचा व्यवहार यंत्र मध्येच रद्द करते. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुलभता निकषांनुसार वेळ संपण्याआधी सूचना देऊन वेळ वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद द्यावे लागतात. किऑस्कवरही तेच हवे.

कर्मचारी कमी लागावेत म्हणूनच ही यंत्रे बसवली जातात. आणि आपला पिन दुसऱ्याला सांगावा लागणे, याला मदत म्हणता येत नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. बसवलेल्या यंत्राची पेटी कापून त्यात कळा घालणे खरोखरच महाग पडते. आराखड्याच्या टप्प्यावर तेच काम तुलनेने किरकोळ असते. २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय सुलभता कायदा एटीएम, तिकीटयंत्रे आणि चेक-इन यंत्रांनाही लागू आहे. जुनी यंत्रे वापरात आल्यापासून कमाल २० वर्षे चालू ठेवण्याची मुभा त्यानुसार सदस्य देश देऊ शकतात, म्हणजे आज चुकीचे यंत्र घेतले तर ते किती काळ लोकांसमोर उभे राहू शकते याचा अंदाज येतो. त्यामुळे निविदेतच एक चाचणी लिहावी: पडदा पूर्ण बंद ठेवून, केवळ हेडफोन आणि कळांच्या आधारे, एका अंध व्यक्तीने पैसे भरण्यापासून पावती घेण्यापर्यंतचा व्यवहार कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करावा आणि तो झाल्याशिवाय यंत्र स्वीकारले जाऊ नये.