व्हाउचर जुळत नाही

"रेकॉर्डिंग ऐकलं नाहीस का?" रविवारी ऑर्केस्ट्राच्या तालमीत कंडक्टरने सगळ्यांदेखत विचारलं. मी सेकंड ट्रम्पेट. समोरच्या कागदावर होतं तेच वाजवलं, एवढाच माझा गुन्हा.

बीथोवेनची तिसरी सिम्फनी, 'इरोइका'. पहिल्या भागाच्या शेवटी ट्रम्पेट मुख्य धून दिमाखात उचलतात आणि वर चढायच्या ऐन वेळी ती सोडून सोबतीचे सूर ठोकत बसतात. १८०४ च्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबायच्या कळा, नव्हते; ठरावीकच सूर निघत, म्हणून तसं लिहिलं, असं म्हणतात. पुढच्या कंडक्टरांनी धून परस्पर पूर्ण करून टाकली. जुन्या रेकॉर्डिंगांत बहुधा तीच ऐकू येते. छापील कागद मात्र तसाच राहिला.

घरी तेवढाच तुकडा घोटत होतो, तर खालचे काका वर आले. जन्मभर ऑडिटमध्ये होते. मला वाटलं, आवाजाची तक्रार.

"आवाजाचं सोड रे. तू दर वेळी मधेच का सोडतोस? सूनबाईला नाव विचारून यूट्यूबवर ऐकलं मी. तिथे पूर्ण वाजवतात."

"कागदावर असंच आहे, काका."

"मग लेजर आणि व्हाउचर जुळत नाही. मूळ व्हाउचर काढ."

"बीथोवेनच्या हातचं हरवलंय."

काकांनी चष्मा काढला. "नक्कल?"

"व्हिएन्नात आहे, त्यानेच दुरुस्त केलेली. पहिल्या पानावर नेपोलियनचं नाव इतकं खरवडलंय की कागदाला भोक पडलंय."

"खाडाखोड! शेजारी सही?"

"नाही."

"आणि पास केलं लोकांनी!"

मग मीच नको ते बोलून बसलो. कागद ई-फ्लॅट सुराच्या ट्रम्पेटसाठी लिहिलेला, माझा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा. लिहिलाय षड्ज, मी वाजवतो मध्यम, ऐकू येतो कोमल गंधार.

काका बराच वेळ गप्प होते. "लिहायचं एक, करायचं दुसरं, दाखवायचं तिसरं. अरे, याच्यावर आम्ही माणसं सस्पेंड केलीत."

हसलो खरा. पण धून पूर्ण वाजवायची, असा कंडक्टरचा फोन फर्स्ट ट्रम्पेटला आधीच गेला होता, हे मला तालमीनंतर कळलं. व्हायोलिनवाल्यांना गज वर की खाली, याच्यासुद्धा खुणा करून मिळतात. आमच्या कागदावर पेन्सिलीने दोन शब्द लिहायला कुणाचा हात मोडला होता? सेकंडवाल्याने मात्र मनकवडं असावं.

काल निरोप आला: विचार बदललाय, कागदाप्रमाणेच वाजवू. तोही फर्स्ट ट्रम्पेटला आला, मग मला.

काकांना अजून सांगितलेलं नाही.