एनए ‘आपोआप सांभाळले जातात’? आधी ओळी मोजा

आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेत गायब आकड्याच्या जागी एनए लिहितात, आणि एलएम हे तिथलं रिग्रेशन (एका आकड्याचं इतरांशी नातं मांडणारं समीकरण) लावणारं फंक्शन. डेटा शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘डेटात एनए असले तर डोक्याला ताप करून घेऊ नका. आरमधलं एलएम ते आपोआप सांभाळतं. चार-दोन ओळी जातात, बस. त्याही नको असतील तर सरासरी भरून टाका.’

‘आपोआप सांभाळतं.’ सांभाळत नाही, फेकून देतं. आरसोबत येणारा एअरक्वालिटी हा डेटाच घ्या. न्यूयॉर्कची हवा, मे ते सप्टेंबर 1973, दिवस 153. ओझोनचे 37 आकडे गायब, सूर्यप्रकाशाचे 7, आणि दोन दिवस असे की दोन्ही गायब. ओझोनचं रिग्रेशन सूर्यप्रकाश, वारा आणि तापमान यांवर लावलंत की 42 ओळी गळतात. डिझाइन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मॉडेल ज्या तक्त्यावर गणित करतं त्यात, उरतात 111 ओळी आणि 4 रकाने (पहिल्यात सगळीकडे नुसता 1). 6 मेची ओळ बघा: ओझोन 28, वारा ताशी 14.9 मैल, तापमान 66 फॅरनहाइट. सगळं मोजलेलं, फक्त सूर्यप्रकाश नाही. अख्खी ओळ बाद! समरीच्या, म्हणजे मॉडेलच्या निकालाच्या, तळाशी किती ओळी गळल्या ते छापून येतं, पण आपली नजर पी-व्हॅल्यूशेजारच्या, निकाल ‘लक्षणीय’ असल्याचं सांगणाऱ्या चांदण्यांवर.

‘चार-दोन ओळी जातात.’ किती गेल्या यापेक्षा कुठल्या गेल्या ते बघा. ओझोनचे 37 पैकी 21 एनए एकट्या जूनमधले आहेत. महिना फॅक्टर म्हणून (म्हणजे महिन्यांचे 0-1 रकाने करून) मॉडेलमध्ये घातलात, तर जूनच्या रकान्यात 30 ओळींत 1 असायला हवा होता, तिथे तो उरतो 9 ओळींत. जूनचा सगळा डोलारा 9 दिवसांवर.

ओळी गाळणं दर वेळी चूकच असतं असंही नाही, हे मान्य. आकडा गायब होणं फक्त मॉडेलमधल्या एक्सवर (इथे सूर्यप्रकाश, वारा, तापमान) अवलंबून असेल आणि मॉडेल बरोबर असेल, तर गुणक (समीकरणात प्रत्येक एक्सला मिळणारा आकडा) एका बाजूला कलत नाहीत, स्टँडर्ड एरर (त्या गुणकातली अनिश्चितता) तेवढी वाढते. पण ओझोन जास्त असलेल्या दिवशीच यंत्र बंद पडत असेल, तर गुणकांवर भरवसा नाही. यातलं काय घडलं, ते डेटा बघून कळत नाही. मोजणाऱ्याला विचारावं लागतं.

‘सरासरी भरा.’ कुठल्या रकान्यात? सूर्यप्रकाशात भरलीत तर जेमतेम 5 ओळी परत येतात. ओझोनमध्ये भरलीत तर 37 दिवसांना एकच आकडा, 42.13. कडक उन्हाचा दिवस असो की थंड वाऱ्याचा, ओझोन तेवढाच. म्हणजे उतार (वारा, तापमान वगैरेंचे गुणक) शून्याकडे ओढले जाणार. वर एलएम ते 37 आकडे खरे मोजलेले समजून स्टँडर्ड एरर काढणार. हे तर गाळण्यापेक्षा वाईट.

आणि सल्ल्यात नसलेली एक गोची: सूर्यप्रकाश काढून मॉडेल पुन्हा लावलंत, तर ते 116 ओळींवर बसतं. दोन्ही मॉडेलं अनोव्हाला (मॉडेलांची तुलना करणाऱ्या फंक्शनला) दिलीत तर ते एरर देऊन मोकळं होतं, कारण ओळींची संख्या वेगळी. आर-स्क्वेअर (ओझोनच्या चढउतारातला किती वाटा मॉडेलने पकडला ते सांगणारा आकडा) मात्र दोन्हीकडे गुपचूप छापून येतो आणि लोक तो शेजारी-शेजारी ठेवून ‘सूर्यप्रकाशामुळे एवढा फरक पडला’ म्हणतात. दोन्ही मॉडेलं त्याच 111 ओळींवर लावा, मग बोलू.