टाक्यात भांडी घासणाऱ्यांनो

शनिवारची रात्र अजून डोक्यातून जात नाहीये. आज बुधवार. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तरी तेच डोळ्यासमोर येत होतं, म्हणून लिहून टाकतोय.

भाचा सातवीत आहे. त्याला पहिल्यांदाच गडावर मुक्कामाला न्यायचं होतं, म्हणून गोरखगड ठरवला. ठाण्याहून लोकलने कल्याण, तिथून एसटीने मुरबाड, मग म्हसा आणि देहरी. आपल्याच जिल्ह्यातला गड. वर कातळात कोरलेली ऐसपैस गुहा, दारात चाफा, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका आणि जवळच प्यायच्या पाण्याचं टाकं. त्या टाक्याच्या भरवशावर माणसं एकेक बाटली घेऊन वर चढतात. मीही वर्षानुवर्षं तसाच चढलोय.

या गुहेला दार नाही, कुलूप नाही, राखणदार नाही. आदल्या रात्री तिथे जो झोपला त्याने जे मागे ठेवलं, ते तुमच्या वाट्याला येतं. मी कॉलेजात असताना कोपऱ्यात कुणीतरी सुकी लाकडं रचून ठेवलेली असायची. कधी काडेपेटी, कधी मिठाची पुडी. कुणी ठेवली ते कधीच कळायचं नाही. आम्हीही निघताना डहाळीने गुहा झाडायचो, उरलेली लाकडं कोपऱ्यात लावायचो आणि उतरायचो.

परवा शेवटच्या उभ्या पायऱ्या चढून वर आलो तेव्हा अंधार पडला होता. गुहेत चाळीसेक जण. माणशी पैसे घेऊन आणलेला ग्रुप. वीस-पंचवीस माणसं नीट झोपतील एवढी ती जागा, तिथे हे चाळीस! सॅक पसरून अख्खी गुहा अडवलेली, मधोमध पेटवलेली चूल आणि तीत ओली लाकडं. धूर जायला मागे वाट नाही, तो सगळा आत. पोरगं खोकून खोकून बेजार. अरे, सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात, धुराने ती उठतात, आणि कड्यावर पळायला जागा नसते. एवढीही अक्कल नसलेली माणसं लीडर म्हणून दुसऱ्यांची पोरं घेऊन येतात? स्पीकर रात्री दीडपर्यंत चालू होता. दोनदा जाऊन सांगितलं. आवाज दोन मिनिटं कमी व्हायचा, परत वाढायचा.

पण हे सगळं मी गिळलं असतं.

बाटल्या भरायला टाक्यावर गेलो. दोन पोरं काठावर बसून पातेली घासत होती. लिक्विड सोपची हिरवी बाटली शेजारी. पातेलं थेट टाक्यात बुडवायचं, खळबळायचं आणि पाणी परत आतच ओतायचं. टॉर्च मारला तर पाण्यावर मॅगीचे तुकडे तरंगताहेत, तेलाचा तवंग आणि कडेला साबणाचा फेस.

म्हटलं, "अरे, प्यायचं पाणी आहे हे!"

त्यातला एक वर बघून म्हणतो, "काका, पावसात भरतंच की परत."

जानेवारी महिना चाललाय. पाऊस जूनमध्ये येणार. मधले चार-पाच महिने त्या गडावर येणाऱ्यांनी काय प्यायचं? टाकं म्हणजे नदी नाही रे, वाहून जायला. कातळ खोदून केलेला हौद तो. पावसाचं पाणी साठतं ते साठतं, उन्हाळ्यात पातळी खाली जाते, आणि त्यात गेलेला साबण, तेल, खरकटं तिथेच बसून कुजतं. ज्यांनी छिन्नी-हातोड्याने तो दगड खोदला त्यांना ठाऊक होतं की इथे पाणी नसेल तर माणूस राहू शकत नाही. शेकडो वर्षं ते टिकलं. तुम्ही एका रात्रीत नासवलंत, तेही पातेलं खाली नेऊन घासायचा कंटाळा आला म्हणून!

२०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा भगव्या झेंड्याचे स्टेटस अशाच ग्रुपांनी ठेवले होते. घसा फुटेस्तोवर घोषणा देता ना? मग गडाच्याच पाण्यात खरकटं टाकताना हात कसे धजतात तुमचे?

ती रात्र आम्ही सव्वा लिटरवर काढली. भाच्याने मागितलं तेवढं त्याला दिलं. तो ग्रुप सकाळी सूर्योदयाचे फोटो काढून उतरला. थर्माकोलच्या प्लेटा, गुटख्याच्या पुड्या, फुटकी बाटली, सगळं तिथेच. प्लेटा आणि पुड्या आम्ही दोन पिशव्यांत भरल्या, काचा चिमटीने वेचून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मग गमछा ताणून टाक्यातले तरंगणारे तुकडे काढले. भाचा न सांगता दुसरं टोक धरून उभा होता. तवंग काही निघाला नाही.

नऊच्या सुमारास मुरबाडकडची दोन मुलं वर आली. घामाने निथळत होती, दोघांत मिळून एक रिकामी बाटली.

"काका, टाक्याचं पाणी चांगलं आहे ना?"

मी नाही म्हणालो. आमच्या बाटलीत उरलं होतं ते त्यांना ओतून दिलं, चार घोटसुद्धा नव्हते.