"एका खर्चात दोन" म्हणणाऱ्यांसाठी

जुळं आहे असं कळलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "बरं झालं गं, एका बाळंतपणात दोन, सुटलीस!" ती बिचारी उलट्यांनी हैराण असते आणि इकडे हिशेब जुळवून झालेला असतो. आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भपिशवीत सोडण्याचा उपचार) करणाऱ्या घरांत तर हीच गोष्ट मागणी होऊन येते: एवढे पैसे घालतोय, मग दोन गर्भ सोडा ना डॉक्टर.

2021 साली मालीच्या हलिमा सिसे यांना मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकात नऊ बाळं झाली. विश्वविक्रम म्हणून फोटो सगळ्यांनी फिरवले. प्रसूती 30व्या आठवड्यात झाली होती आणि बाळांना घेऊन मायदेशी परतायला डिसेंबर 2022 उजाडला, हे कोणी फॉरवर्ड केलं नाही. नऊच्या नऊ जगली हा अपवाद होता.

नऊ सोडा, साध्या जुळ्यांचं बघा. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात, तिळी तर सरासरी 32व्या आठवड्याच्या आसपास. फुप्फुसं कच्ची, दूध ओढायची ताकद नाही, म्हणून बाळ काचेत. आईचं बीपी वाढण्याचा, शुगर होण्याचा, रक्त कमी पडण्याचा धोका एका बाळापेक्षा जास्त. शिवाय खूप ताणलेली गर्भपिशवी बाळंतपणानंतर नीट आकसली नाही तर अंगावरून बेसुमार जातं. (पूर्ण वेळ अंथरुणावर पडून राहिल्यानं दिवस पुढे जातात, याला मात्र काही पुरावा नाही. सासूबाईंना हे तुम्हीच सांगा.)

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: वार (आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, प्लासेंटा) एक आहे की दोन? वार एकच असेल तर अशा 10 ते 15 टक्के गरोदरपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वळू लागतं. एक सुकतं, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो, आणि उपचार झाले नाहीत तर दोन्ही जाऊ शकतात. वेळेत कळलं तर लेझरनं उपचार होतात. पण कळणार कसं? 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार स्पष्ट ओळखता येते, पुढे ते अवघड होत जातं. एकच वार असेल तर 16व्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी सोनोग्राफी लागते. "सारखी सारखी कशाला?" म्हणणाऱ्यांना घरीच बसवा.

स्वीडननं 2003 पासून आयव्हीएफमध्ये शक्यतो एकच गर्भ सोडायचा नियम केला. बाकीचे गोठवून ठेवायचे, गरज पडली तर पुढच्या वेळी. जुळ्यांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं, बाळ होण्याचं फारसं घसरलं नाही. म्हणजे "दोन सोडले तरच एक लागेल" ही भीती बरीचशी निराधार आहे.

आणि जुळं राहिलंच असेल, तर हॉस्पिटल ठरवताना एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत आहे का आणि रात्री दोन वाजता रक्त कुठून येईल, हे सातव्या महिन्याच्या आत विचारून ठेवा. आई तालुक्याला टाक्यांसकट पडलेली आणि बाळं अँब्युलन्समधून जिल्ह्याला, असं आपल्याकडे फार होतं.